विकतचा भात

डोंगरावर जस्ताची खाण,
खाली ओढा, ओढ्याच्या काठाने
थायलंडच्या अगदी कडेचं हे गाव.
पुढे नदी, नदीपलीकडे बर्मा.
मी इथे बाटल्या गोळा करायला आलोय.
पांढऱ्या, झाकणाच्या, प्रत्येकीवर आकडा.
सकाळची पहिली लघवी. अर्धी बाटली पुरे.

बायका हसतात. हसणारच.
एकाहत्तर वर्षांची सेंगला
केळीच्या पानात गुंडाळून आणते बाटली,
प्रसादासारखी,
म्हणते, फेस आलाय बघ, बिअरला येतो तसा,
तुझ्या साहेबाला आवडेल.

फेस म्हणजे प्रथिन, गळून गेलेलं.
मी सांगत नाही, तिला ठाऊक आहे.
या गावातली पोरं
कॅडमियम हा शब्द शाळेच्या आधी शिकतात.

त्याला वास नाही.
धुऊन जात नाही, शिजून मरत नाही,
सुपात घेऊन पाखडता येत नाही.
शितावरून भाताची परीक्षा करणारी माझी आई
इथे असती, तर दोन बोटांत शीत चेपून
म्हणाली असती, झालाय, उतरवा.

आणि भात खरंच चांगला होता, सेंगला सांगते.
चिकट. बांबूच्या टोपलीत वाफेवर फुललेला.
चार बोटांनी वळायचा, ठेच्यात बुडवायचा,
पण पहिला गोळा अंगणात,
खांबावरच्या त्या इवल्या घरातल्या भुतांना.
जिथे शितं तिथे भुतं,
मी मराठीत म्हटलं, मग दुभाष्या पिम्पाकडून.
सेंगला म्हणाली, आमची भुतंही तोच भात खायची.
त्यांची बाटली कोण नेणार?

मग एका हंगामात सरकारी ट्रक आले.
भात मोजला, पैसे दिले, पावती दिली, नेला.
जाळला म्हणतात. धूर कुणी पाहिला नाही.
सुगी झाली की भाताच्या आईला
हाक मारून कोठारात बोलवायची असते;
तिचा नवरा इनथॉन रिकाम्या कोठाराच्या पायरीवर
अंधार पडेपर्यंत बसून राहिला.
त्या वर्षी हाक मारली नाही.

आता तिथे ऊस आहे.
उसाचं इंधन होतं, मोटारींसाठी.
मोटारींना मूत्रपिंडं नसतात.

इनथॉन मागल्या थंडीत गेला.
त्याच्या पोटातल्या नळीला लावायच्या पाण्याच्या पिशव्या
अजून खोकी भरून भिंतीशी रचलेल्या.
त्यांतल्या वरच्या खोक्यात कोंबडी उबवायला बसलीये.
उठवू नको तिला, सेंगला म्हणते.

माझ्या भाषेत
रक्त गाळणाऱ्या त्या दोन शेंगांना पिंड म्हणतात,
आणि गेलेल्यासाठी वळलेल्या भातालाही पिंडच.
हे मी पिम्पाला सांगायला लावलं नाही.

शरीरातून अर्धं निघून जायला किती वर्षं?
वीस, मी म्हटलं, कुणी तीसही म्हणतं.
तिने बोटांवर मोजलं.
एक्क्याण्णव.
बरं, तेवढी राहते मी.
अर्ध्यासाठी.

निघताना तिने टोपली उघडली.
वाफ. एक गोळा वळून माझ्या तळहातावर ठेवला.
मी थांबलो. क्षणभरच,
पण तिने पाहिलं.
विकतचा आहे, ती म्हणाली. लांबचा. चियांग रायचा.
या वेळी हसली नाही.

मी खाल्ला. कोरडा, ठेच्याशिवाय, उभ्याउभ्या.
चांगला होता की नाही, आठवत नाही.

गाडीत बर्फाच्या पेटीत चौसष्ट बाटल्या.
पिम्पा आकडे वाचते, मी लेबलं तपासतो.
पंचेचाळीस. शेहेचाळीस.
सत्तेचाळीसवर बोट सुटेना.
भात अजून चिकटलेला होता.